'लिहून देणार' कोण? : हक्कसोडपत्राच्या मराठीचे एक परीक्षण

मराठी समीक्षेने व्यवहाराच्या कागदाकडे म्हणावे तसे लक्ष दिलेले नाही. जुनी पत्रे, सनदा, महजर व बखरी यांना गद्याच्या इतिहासात मानाचे स्थान आहे, वि. का. राजवाडे यांच्यापासून पुढे मराठी गद्याच्या अभ्यासाचा मोठा भाग दप्तरांतून निघालेल्या कागदांवरच उभा आहे. परंतु कागद दोनशे वर्षांचा असला म्हणजे तो भाषाभ्यासकाचा विषय आणि कालचा असला म्हणजे केवळ वकिलाचा, ही वाटणी भाषेच्या दृष्टीने समर्थनीय नाही. सामान्य प्रौढ मनुष्य आयुष्यात काव्य लिहीत नाही, निबंध तर शाळा सुटल्यावर कधीच लिहीत नाही. पण वारसनोंदीचा अर्ज, प्रतिज्ञापत्र, भाडेकरार, खरेदीखत यांवर तो सही करतो. त्याच्या आयुष्यातील बरेचसे मोठे निर्णय याच गद्यात कायम होतात. हे गद्य कसे आहे, आणि त्यात निर्णय करणारे माणूस कोठे उभे आहे, हा प्रश्न म्हणूनच साहित्यबाह्य मानता येत नाही.

या प्रश्नाचा विचार एखाद्या निश्चित स्थळाच्या संदर्भात केल्यास तो अधिक स्पष्ट होतो. छत्रपती संभाजीनगरहून (पूर्वीचे औरंगाबाद) पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पैठण तालुक्यात चितेगाव आहे. येथील व्हिडिओकॉनच्या कारखान्याचा नोंदणीकृत पत्ता '१४ किलोमीटर स्टोन, औरंगाबाद–पैठण रोड' असा दिला जात असे. पांढरी, काळी, शिव, वेस या खुणांनी ओळखले जाणारे गाव मैलाच्या दगडाने ओळखले जाऊ लागले, ही गोष्ट लहान असली तरी बोलकी आहे. ही कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. रस्त्याकाठच्या शेतीकडे पाहण्याची बदललेली दृष्टी मात्र मागे राहिली. ज्या जमिनीचा विचार पूर्वी ज्वारी-बाजरीच्या पोत्यांत होत असे, तिचा विचार गुंठ्यांत होऊ लागला की घरातील नात्यांचाही हिशोब नव्याने मांडावा लागतो. वडील वारल्यानंतर सातबाऱ्यावर वारसांची नावे लागतात, त्यांत बहिणींचीही लागतात, आणि त्यानंतर लवकरच 'बहिणींच्या सह्या' हा विषय घरात निघतो. रस्त्यालगतच्या गावांतून हा अनुभव सार्वत्रिक आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगता येईल. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने मुलीला पित्याच्या मालमत्तेत वारसा दिला. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून, आणि केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून, एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत तिला मुलाप्रमाणे सहदायाद मानले. महाराष्ट्राच्या दुरुस्तीतून तत्पूर्वी विवाह झालेल्या मुली मात्र वगळल्या होत्या. हा हक्क जन्मसिद्ध आहे आणि २००५ मध्ये पिता हयात असण्याची अट नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात दिला. कायद्याने हक्क जसजसा निःसंदिग्ध केला, तसतसे तो सोडून देणाऱ्या कागदाचे महत्त्वही वाढले. हक्कच नसता तर हक्कसोडपत्राचे प्रयोजन काय?

आता प्रत्यक्ष दस्ताकडे वळावे. त्याची घडण ठरलेली असते. प्रारंभी 'लिहून घेणार' आणि 'लिहून देणार' असे दोन पक्ष. प्रत्येकाचे नाव, वय, धंदा, राहणार. बहिणीच्या धंद्याच्या रकान्यात बहुधा 'घरकाम' असते. उभा जन्म शेतात खुरपणी केलेल्या स्त्रीच्या नावापुढेही हाच शब्द येतो, आणि शेती सोडताना तिचा शेतीशी संबंध पहिल्याच ओळीत नाहीसा होतो. पुढे 'कारणे हक्कसोडपत्र लिहून देते ऐसाजे' हे मोडी दप्तरातून आलेले वळण. त्यात क्रियापद स्त्रीलिंगी झाले तरी 'ऐसाजे' तसेच राहते. मग गट क्रमांक, क्षेत्र, आकार व चतुःसीमा. मग हक्क सोडल्याचे विधान. शेवटी राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणास बळी न पडता दस्त लिहून दिल्याची ग्वाही, आणि पुढे आपण किंवा आपले वारस तक्रार करणार नाहीत, केल्यास ती या लेखाने रद्द समजावी, अशी तजवीज.

या शे-दोनशे ओळींत मराठीच्या इतिहासाचे निदान तीन थर एकावर एक बसलेले दिसतात. जमिनीच्या वर्णनात कधीकधी झाड-झाडोरा, दगड-माती यांच्याबरोबर 'निधी, निक्षेप' येतात. ही जोडी संस्कृत दानपत्रांतून, म्हणजे ताम्रपटांच्या काळापासून चालत आली आहे. हक्क, दस्त, राजी, खुशी, अक्कल, हुशारी हे शब्द अरबी-फारसी आहेत. तिसरा थर इंग्रजी कायद्याचा. काही दस्तांत बहिणीने 'नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी' हक्क सोडला असे लिहिलेले आढळते. मराठीत प्रेम आंधळे असते, भाबडे असते, उतू जाते. 'नैसर्गिक' प्रेम कोणी कोणावर करीत नाही. मोबदल्याशिवाय केलेला करार सामान्यतः निरर्थक ठरतो, परंतु जवळच्या नातलगांनी स्वाभाविक प्रेमापोटी लेखी व नोंदणीकृत स्वरूपात केलेला करार त्याला अपवाद आहे, अशी तरतूद १८७२ च्या करारविषयक कायद्यात आहे. तिच्यातील इंग्रजी शब्दसंहतीचे हे भाषांतर होय. येथे प्रेम ही भावना म्हणून आलेली नाही. दस्ताच्या ग्राह्यतेला लागणारा घटक म्हणून आली आहे.

अशा मिश्र भाषेविषयी नेहमीचा आक्षेप शब्दांच्या परकेपणाचा असतो. रघुनाथपंतांच्या राज्यव्यवहारकोशापासून विसाव्या शतकातील भाषाशुद्धीच्या चळवळीपर्यंत, आणि पुढे १९६० नंतर शासनव्यवहारासाठी झालेल्या परिभाषेपर्यंत, उपाय म्हणून शब्दांची अदलाबदलच सुचविली गेली. हक्कसोडपत्राच्या बाबतीत हे निदान चुकते. 'राजीखुशीने' काढून 'स्वेच्छेने' घातल्याने पैठण तालुक्यातील स्त्रीला दस्त अधिक कळेल असे मानणे धाडसाचे आहे. राजी होणे, खुशी असणे, अक्कल नसणे, हुशारी करणे हे तिच्या ओसरीवरचे शब्द आहेत. संपूर्ण दस्तात तिला नीट कळणारे शब्द बहुधा तेवढेच. उलट 'निर्वेध', 'हितसंबंध', 'तदंगभूत' यांच्यापाशी ती अडते. माधवराव पटवर्धनांनी १९२५ मध्ये फार्सी-मराठी कोश सिद्ध केला, त्यातील किती शब्द मराठीत परके राहिले आहेत आणि किती घरचे झाले आहेत, याचा विचार शब्दाच्या कुळावरून नव्हे, त्याच्या वापरावरूनच करावा लागतो. दस्तातील अडचण शब्दसंग्रहाची नाही. ती वाक्याच्या कर्त्याची आहे. 'मी' म्हणून जे बोलते ते कोण?

या ठिकाणी चितेगावचा रस्ता जेथे पोचतो त्या पैठणच्या एकनाथांची आठवण अपरिहार्य ठरते. नाथांच्या भारुडांत अर्जदस्त, जाबचिठ्ठी, अभयपत्र, ताकीद असे सरकारी पत्रव्यवहाराचे नमुने आहेत. दौलताबादेस जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना हिशोबातील क्षुल्लक चुकीसाठी नाथांनी रात्र जागून काढली, ही आख्यायिका सर्वपरिचित आहे. ती खरी असो वा नसो, कचेरीची भाषा त्यांच्या कानांत मुरलेली होती याचा पुरावा ही भारुडेच देतात. ('अर्जदस्त' हा शब्द मूळ फारसी 'अर्जदाश्त', त्यातील उत्तरपदाचा हात या अर्थाच्या 'दस्त'शी संबंध नाही. 'दस्तऐवज' या शब्दात मात्र तो हात आहे. मराठीत आल्यावर दोन्ही एकरूप झाले.) 'अर्जदस्त' या भारुडात देह हा 'शरीराबाद' नावाचा परगणा होतो, जीव तेथला अंमलदार होतो, बुद्धी कारकून होते, आणि दंभ, काम, क्रोध हे परगण्यातील मातब्बर वतनदार म्हणून सरकारी कामात अडथळा करतात. त्यांत एक ममताई देशपांडीणही आहे.

या रचनेचे रूपक अनेकांनी उलगडले आहे. डॉ. यू. म. पठाण यांच्यासारख्या अभ्यासकांनी जुन्या मराठीतील फारसीच्या स्वरूपाचाही विचार केला आहे. येथे प्रस्तुत आहे ती वेगळी गोष्ट. नाथांचा अर्जदार फारसीने ओथंबलेल्या भाषेत बोलतो, तरी त्याचे बोलणे त्याचेच आहे. तो काय घडले ते सांगतो : हुकूम घेऊन आलो, कामास लागलो, अमक्याने अडवले, तमकीने नाडले. त्याच्या कागदात प्रसंग आहे, गाऱ्हाणे आहे, अडविणाऱ्यांची नावे आहेत. साचा कचेरीचा, पण आत माणूस आहे. शिवाय कीर्तनात बसलेला श्रोता हसतो तो साचा ओळखीचा असल्यामुळेच. अर्जदस्त कसा असतो हे माहीत नसलेल्याला त्याच्या विडंबनाची गंमत कळणार नाही.

हक्कसोडपत्रात नेमके हेच नाही. 'कारणे' हा शब्द आहे, कारण नाही. बहीण हक्क का सोडते, हे सबंध दस्तात सांगितलेले नसते. जेथे सांगितलेले असते तेथे ते कायद्याच्या कलमातून उतरवलेले असते. वास्तविक कारणे घरात बोलली गेलेली असतात आणि ती अगदी निश्चित असतात. वाटा घेतला तर माहेर तुटेल. दिवाळीला, पंचमीला कोणाच्या दारात जायचे. भाऊ कर्जात आहे. लग्नात खर्च झाला तोच आपला वाटा असे आई म्हणते. नवऱ्याकडचे लोक वाटा घे म्हणून टोचतात, त्यांचे ऐकले तर पैसा तरी आपल्या हातात राहील काय. यांतील काही कारणे प्रेमाची, काही भीतीची, काही निव्वळ हिशोबाची आहेत, आणि प्रौढ माणसाच्या निर्णयात ती अशीच मिसळलेली असतात. दस्तात 'कोणताही मोबदला न घेता' असे लिहिलेले असते. तिच्या दृष्टीने मोबदला ठरलेला असतो : माहेरचा उंबरा. तो चतुःसीमेत मावत नाही आणि पुढे भावाने दार लावले तर त्यासाठी दाद मागण्याची जागाही नाही. नाथांनी ममताईला निदान परगण्याच्या दप्तरात नावानिशी नोंदवले. आजच्या दस्ताची खरी लेखिका पुष्कळदा तीच असते आणि तिचे नाव कोठेच येत नाही.

बोलभाषेतील प्रयोग या संदर्भात तपासण्यासारखे आहेत. 'मी हक्क सोडला' असे स्त्रिया क्वचितच म्हणतात. त्या म्हणतात, 'सही दिली', 'अंगठा दिला', 'सह्या देऊन टाकल्या'. सोडली गेली ती जमीन. वाक्यात दिली जाते ती सही. 'देऊन टाकणे' या संयुक्त क्रियापदातील 'टाकणे' हे क्रिया पुरी झाल्याचे दाखवते, त्याबरोबर एखादे ओझे, एखादी कटकट संपविल्याचेही. महसुली भाषेत पुढच्या पायरीला 'नाव कमी करणे' म्हणतात : फेरफार मंजूर होतो आणि सातबाऱ्यावरील तिच्या नावाला कंस पडतो. 'नाव कमी झाले' हे वाक्य बोलभाषेने जसेच्या तसे उचलले आहे, आणि ते कर्माकडून बोलते. कमी करणारा कोण, हे त्यात सांगावे लागत नाही. दस्तात कर्ता ठळक 'मी' आणि बोलण्यात कर्ताच नाही, या दोहोंतील अंतरात निर्णयाची सर्व गुंतागुंत साठलेली आहे.

यावर असा प्रतिवाद संभवतो की, दस्त म्हणजे आत्मचरित्र नव्हे. ठराविक शब्दांचा न्यायालयांनी लावलेला अर्थ स्थिर असतो, म्हणूनच ते शब्द टिकतात. प्रत्येक बहिणीचे मनोगत लिहून घेतले तर एकही फेरफार निर्विवाद होणार नाही. हा प्रतिवाद दुर्लक्षिण्याजोगा नाही. जुन्या कागदाचे स्थैर्य किती मोलाचे असते हे मराठवाड्याला वेगळे सांगावयास नको. १९४८ पर्यंत येथील राज्यकारभार उर्दूत चालला. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली तेव्हा निजामकालीन दप्तरांसाठी उर्दू व मोडी जाणणाऱ्यांची गरज साऱ्या प्रदेशाच्या ध्यानी आली. साचा कायम होता म्हणूनच जाणकाराला ते कागद भराभर लावता आले. पण या प्रतिवादाने इतकेच सिद्ध होते की साचा न्यायालयासाठी, भावी वाचकासाठी उपयुक्त आहे. ज्या एका वाचकासमोर तो सहीपूर्वी ठेवला जातो, तिच्यासाठी त्याचा उपयोग काय, हा प्रश्न शिल्लकच राहतो. आणि ग्वाहीच्या वाक्याचे काय? राजीखुशीची नोंद दस्त करून घेणाऱ्याच्या बाजूने, संगणकात तयार असलेल्या नमुन्यातून, नाव आणि गट क्रमांक बदलून छापली जाते. दडपण असले तरी तेच वाक्य, नसले तरी तेच. दोन विरुद्ध परिस्थितींत एकच राहणारे विधान भाषेच्या दृष्टीने विधानच नव्हे. ते केवळ शिक्का आहे. जिने खरोखर विचार करून, आनंदाने भावाला जमीन दिली, तिच्यावरही हा शिक्का अन्यायच करतो, कारण तिची खुशी आणि दुसरीची असहायता यांत तो भेद ठेवीत नाही.

नोंदणी कार्यालयातील प्रसंग पाहिला म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार दस्त करून देणाऱ्याने तो करून दिल्याचे अधिकाऱ्यासमोर कबूल करावे लागते. ओळख पटविणारे साक्षीदार असतात, छायाचित्र निघते, अंगठा उमटतो. कायद्याने दस्तासाठी तिचा आवाज मागितला आहे तो या एकाच ठिकाणी. प्रश्न दस्त लिहून दिला का, एवढाच असतो. का लिहून दिला, असा नसतो. ती 'हो' म्हणते. तो 'हो' दस्तावर 'कबुली' म्हणून उमटतो, आणि पुढच्या पक्षकारांना बोलावले जाते.