नैसर्गिक, पण कुणाच्या नजरेला?

आपल्या दशावतारात स्त्रीपार्ट पुरुषच करतात आणि आपला चेहरा आपणच रंगवतात. जत्रेच्या रात्री, पूर्वी तर पेट्रोमॅक्सच्या उजेडात, शेवटी बसलेल्या आजीलाही 'ही बाईच' असं वाटलं पाहिजे. म्हणून थर जाड, काजळाची भुवई ठसठशीत. जवळून भडक, लांबून मात्र खरं.

चेहऱ्याला उठाव देणाऱ्या कोरियन शेडिंगचं गणित नेमकं उलटं. ते हातभर अंतरावरच्या नजरेसाठी. नाकाच्या बाजूला, जबड्याच्या कडेला राखाडीकडे झुकणारी तपकिरी पावडर, तीही नावापुरती. कारण खऱ्या सावलीत तांबूसपणा नसतो. मग ब्रशने कडा विरवायच्या. ही समज मोलाची आहे.

माझी तक्रार पुढे आहे. त्या पावडरी बहुतेक गोऱ्या त्वचेसाठी बेतलेल्या. मालवणच्या सावळ्या गालावर तीच छटा राख फासल्यासारखी दिसते. मग उपाय काय, तर आधी फाउंडेशनने चेहरा उजळायचा आणि त्यावर सावली काढायची. मान एका रंगाची, तोंड दुसऱ्या! याला नैसर्गिक कसं म्हणायचं?

तंत्र घ्या, छटा आपली निवडा. आपल्या रंगापेक्षा एक-दोन छटा गडद, तांबूस नसलेला तपकिरी. आणि खिडकीपाशी, दिवसाउजेडी बघा.

दशावतारी नट रंग उतरवतो तेव्हा त्याला आपला चेहरा परत मिळतो. 'नैसर्गिक' मेकअप जर तो चेहराच चुकीचा ठरवत असेल, तर मी म्हणेन, तो भडक रंग जास्त प्रामाणिक.