रक्तपिपासूचे नियम आणि आपली भयकादंबरी

नारायण धारपांच्या ‘लुचाई’चा विषय निघाला की मराठी वाचकांची चर्चा बहुतेक वेळा एकाच प्रश्नाशी अडते: ही कादंबरी धारपांची किती आणि स्टीफन किंगची किती? ‘लुचाई’ किंगच्या १९७५ सालच्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेली आहे आणि ‘शपथ’मागे त्याचीच ‘इट’ उभी आहे, हे आता कुणापासून लपलेलं नाही. एका गटाला यात उसनवारी दिसते आणि तिथेच त्यांचा निकाल लागतो. दुसरा गट म्हणतो की इंग्रजी पुस्तकं हाती न येणाऱ्या पिढ्यांना धारपांनी वाचनाची गोडी लावली, तेवढं पुरे. दोन्ही बाजू प्रामाणिक आहेत, पण दोन्हींच्याही बोलण्यात कादंबरी कुठेच येत नाही. एक बाजू लेखकाचा हिशेब मांडते, दुसरी त्याचे उपकार मानते. भयकादंबरी पारखायची असेल तर प्रश्न बदलावा लागेल. कथेतल्या अमानवी शक्तीला लेखकानं कोणते नियम घातले आहेत आणि त्या नियमांची किंमत कथेतली माणसं कशी मोजतात, हे पाहावं लागेल.

हा निकष सर्वांत स्पष्ट दिसतो तो एका दुर्लक्षित कोपऱ्यात, म्हणजे भूमिका घेऊन खेळायच्या खेळांवरून लिहिलेल्या कादंबऱ्यांत. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळासाठी ट्रेसी आणि लॉरा हिकमन यांनी १९८३ मध्ये ‘रेव्हनलॉफ्ट’ रचला. त्यातल्या बॅरोव्हिया प्रांताचा धनी स्ट्राड हा रक्तपिपासू आहे. त्या जगावर १९९१ मध्ये क्रिस्टी गोल्डन यांची ‘व्हँपायर ऑफ द मिस्ट्स’ आली. अशा पुस्तकांबद्दल वाचकांचे दोन ठरलेले सूर असतात. खेळातून आलेला वाचक नियमपुस्तिका उघडून बसतो आणि एखादी शक्ती पुस्तिकेबाहेर गेली की नाराज होतो. साहित्याकडून आलेला वाचक म्हणतो, हे सगळं आधीच ठरलेलं, यात लेखकाला करायला उरलंच काय? या दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे, तरी तो अपुरा आहे. आमंत्रणाशिवाय रक्तपिपासू घरात शिरू शकत नाही, हा जुना नियम घ्या. बॅरोव्हियात स्ट्राडला आमंत्रण लागत नाही, कारण सगळी भूमीच त्याची, म्हणून प्रत्येक घरही त्याचंच. खेळातला एक अपवाद इथे सरंजामी सत्तेचं वर्णन होतो. उंबऱ्याच्या आतही रयतेला आपलं असं काही नाही, हे वाचकाला एका नियमातून कळतं. त्याच १९९१ साली मार्क राइन-हेगन यांचा ‘व्हँपायर: द मास्करेड’ हा खेळ आला. त्यात खेळाडू स्वतःच रक्तपिपासू असतो आणि त्याच्या ‘माणुसकी’ला दहापैकी गुण असतात. क्रूर कृत्यांनी गुण घसरतात आणि शून्यावर पोचलं की ते पात्र खेळाडूच्या हातून जातं. खेळात हे अधःपतन मोजता येतं. कादंबरीला मात्र तो आकडा पुसून टाकावा लागतो आणि तीच घसरण माणसाच्या बोलण्यावागण्यातून दाखवावी लागते. ज्यांना हे जमत नाही त्यांच्या कादंबऱ्या खेळाच्या इतिवृत्तासारख्या कोरड्या वाटतात. तेव्हा वाचक तक्रार करतात ती रास्तच असते.

हीच कसोटी किंगला लावून पाहू. ‘सेलम्स लॉट’मधला फादर कॅलहन क्रूस घेऊन रक्तपिपासू बार्लोसमोर उभा राहतो. बार्लो त्याला सांगतो, तो क्रूस टाक आणि नुसत्या श्रद्धेवर समोर ये. कॅलहनला ते जमत नाही, क्रूसाचा प्रकाश विझतो आणि त्यानंतर त्याला स्वतःच्या चर्चमध्येही पाऊल टाकता येत नाही. क्रूसाला रक्तपिपासू भितो हा शंभर वर्षांचा घासलेला नियम किंगनं एका थकलेल्या धर्मगुरूच्या आत्मपरीक्षेत बदलला. असं पुस्तक महाराष्ट्रात आणताना खरी अडचण गावांची नावं बदलण्याची नसते. क्रूसाच्या जागी काय ठेवायचं आणि ते हरण्याची शक्यता खरी वाटेल का, ही अडचण असते. धारपांच्या समर्थ-कथांत ज्ञानी, साधनेनं बळकट झालेला पुरुष अशुभाशी झुंजतो. त्याचा वाचकाला आधार वाटतो, पण तो आपल्या श्रद्धेत कमी पडेल अशी भीती फारशी वाटत नाही. ‘लुचाई’ वाचताना माझी तक्रार या दिशेची आहे. रक्तपिपासू इथे आला, पण त्याच्यासमोर डगमगणारा आपला कॅलहन आला नाही. बाहेरचं इथलं होऊ शकतं, याबद्दल हैदराबादच्या मलकपेठेत तरी शंका नसावी. निजामाच्या सेवेतला फ्रेंच सेनानी रेमंड १७९८ मध्ये वारला. त्याची समाधी तिथल्या टेकडीवर आहे. मुसलमानांचा तो मूसा रहीम झाला, हिंदूंचा मूसा राम, आणि शेजारची वस्ती मूसारामबाग म्हणून ओळखली जाऊ लागली. लोकांनी त्याला आपल्या भक्तीच्या रीतीत जागा दिली, म्हणून तो परका राहिला नाही. रूपांतरित कादंबरीकडूनही एवढीच अपेक्षा आहे.

ही अपेक्षा अवाजवी नाही, याचा पुरावा राही अनिल बर्वे यांचा २०१८ चा ‘तुंबाड’ आहे. त्याच्या मुळाशी धारपांची ‘आजी’ ही कथा आहे आणि त्या कथेमागेही किंगची ‘ग्रॅमा’ आहे, म्हणजे उसनवारीच्या हिशेबानं हा चित्रपट दोनदा उसना. तरीही तो इथल्या मातीतला आहे. त्यातल्या हस्तर या दैवताला सोनं मिळालं पण धान्य नाकारलं गेलं, म्हणून तो कायमचा भुकेला. विहिरीतून खाली उतरायचं, पिठाचं रिंगण आखायचं, कणकेची बाहुली त्याच्यापुढे टाकायची आणि तो खात असेतोवर त्याच्या लंगोटातल्या मोहरा ओढायच्या. अगदी खेळाच्या पुस्तिकेत शोभावा असा हा नियम आहे. पण बाप हा नियम मुलाला वारशासारखा शिकवतो आणि मुलगा त्याच्यापेक्षा लोभी निघतो, तेव्हा पीठ, मोहरा आणि घराणं एकमेकांत गुंततात. २०२४ मध्ये हा चित्रपट पुन्हा लागला आणि त्यानं पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला केला. मूळ कुणाचं, हा प्रश्न प्रेक्षकांना अडला नाही. अर्थात, म्हणून तो प्रश्न सोडून द्यावा असं मी म्हणत नाही. प्रत्येक रूपांतरावर मूळ लेखकाचं नाव ठळक असलंच पाहिजे. ती नैतिक जबाबदारी आहे, कलेचा निवाडा त्यानंतर सुरू होतो.

यापेक्षा गंभीर आक्षेप अंधश्रद्धेचा आहे. तेलुगूत यंडमूरी वीरेंद्रनाथ यांच्या ‘तुलसीदळम्’ने वाचकांना झपाटलं तेव्हा अशा लेखनाला ‘क्षुद्र साहित्य’ म्हणून टीका सोसावी लागली. चेटूक-करणीच्या कथा लोकांच्या मनातली भीती पक्की करतात, असं टीकाकारांचं म्हणणं होतं. २०१३ मध्ये नरेंद्र दाभोलकरांचा खून पाहिलेल्या आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा मिळालेल्या मराठी समाजाला हा आक्षेप हलकेपणानं घेता येणार नाही. पण भोंदू बाबाचं तंत्र बारकाईनं पाहा. त्याचा नियम कधीच बांधलेला नसतो. उपाय लागू पडला तर श्रेय बाबाचं, न पडला तर भक्ताची श्रद्धा कमी. चांगली भयकथा याच्या नेमकी उलट वागते. तिचा रक्तपिपासू स्वतःच्या नियमानं बांधलेला असतो आणि लेखकानं ऐनवेळी नियम मोडला तर वाचक त्याला धरतो. नियम तपासत वाचायची सवय ही बुवाबाजीच्या विरोधातली सवय आहे. ज्या कथा शेवटी कुठलातरी मंत्र काढून सगळं मिटवतात, त्यांच्याबद्दल मात्र टीकाकारांशी माझं एकमत आहे.

रत्नाकर मतकरींचा दाखला देऊन कुणी म्हणेल की त्यांच्या उत्तम गूढकथांत नियम सांगितलेलाच नसतो आणि गूढ टिकतं ते त्यामुळेच. लघुकथेपुरतं हे मान्य आहे. एका धक्क्यासाठी वीस पानं पुरतात आणि तिथे न सांगितलेलं सांगितलेल्यापेक्षा जास्त काम करतं. तीनशे पानांच्या कादंबरीत मात्र वाचकाला भीतीसोबत राहायचं असतं. काय केलं तर जीव वाचेल हे त्याला ठाऊक नसेल, तर पात्रांची निवड, भ्याडपणा, त्याग, कशालाच वजन उरत नाही. मराठीत गूढकथा समृद्ध झाली आणि भयकादंबरी विरळ राहिली, याचं एक कारण मला इथे दिसतं. हृषीकेश गुप्ते यांच्यासारखा लेखक भयकथेकडून कादंबरीकडे वळतो तेव्हा त्याच्याकडून आशा वाटते, पण त्याच्या पुस्तकांवरची चर्चाही पुष्कळदा ‘भीती वाटली’ आणि ‘नाही वाटली’ एवढ्यावर थांबते. श्राव्य पुस्तकांमुळे धारप आणि मतकरी नव्या कानांपर्यंत पोचत आहेत. या ऐकणाऱ्यांतले कितीतरी पडद्यावर आणि पटावर नियमांचे खेळ खेळत वाढलेले आहेत. नियम कुठे सुटला आणि त्याची किंमत कुणी चुकवली, हे विचारायला त्यांना कुणी शिकवावं लागणार नाही. आपल्या परीक्षणांनी त्यांच्या या प्रश्नाला जागा द्यायला हवी, आणि सुरुवात ‘लुचाई’पासूनच करायला हरकत नाही.