घरातला गट आणि त्याची कसोटी

रविकिरण मंडळावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले. त्यात मंडळातल्या कवींची कविता तपासली गेली. मंडळ ही रचना मात्र फारशी तपासली गेली नाही. १९२३ साली पुण्यात माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे, नाट्यछटाकार दिवाकर आदी मंडळी एकत्र आली. रविवारी जमायचे, चहा घ्यायचा आणि एकमेकांचे नवे लेखन ऐकायचे, एवढाच शिरस्ता. त्याच वर्षी त्यांचा ‘किरण’ हा संग्रह निघाला.

शहापूर किंवा मुरबाडमध्ये आज कोणी पाच-सहा जणांना घरी बोलावून असा गट काढू म्हटले, तर हाच आदर्श डोळ्यांसमोर येईल. पण जुन्या ठाणे जिल्ह्याच्या या मुलखात घरातल्या सामूहिक निर्मितीची आणखी एक, कितीतरी जुनी रीत आहे. ती म्हणजे वारल्यांच्या लग्नातला चौक. सारवून गेरू दिलेल्या कुडाच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठात बांबूची काडी बुडवून, सवासिनी मिळून तो काढतात. मध्ये पालघट देवी असते आणि धवलेरी गाणी म्हणते. चौक काढण्याला तिथे ‘लिहिणे’ म्हणतात. खाली कोणाचेही नाव नसते.

या दोन रीती शेजारी ठेवल्या की घरातल्या गटाचे बळ आणि त्याच्या मर्यादा दिसतात.

मंडळात कविता एकाची आणि कान सगळ्यांचे. त्यामुळे ती कानासाठी घडली. यशवंत आणि गिरीश यांच्या काव्यगायनाने कविता बैठकीतून सभागृहात नेली, हे या मंडळाचे मोठे देणे. पण तेच ते कान दर आठवड्याला ऐकत राहिले की दादही ठरीव होते. प्रेमभावनेची लाडकी शब्दकळा आणि काही लकबी सगळ्यांत झिरपल्या. त्या बोचतील अशा दाखवल्या त्या बाहेरच्या माणसाने, ‘झेंडूची फुले’मधून आचार्य अत्र्यांनी. उलट दिवाकरांच्या नाट्यछटांचा मोठा भाग मंडळ स्थापन होण्याआधीचा आहे. गट प्रतिभा निर्माण करत नाही; तो तिला श्रोता मिळवून देतो, एवढेच यावरून म्हणता येते.

चौकाचे उलट आहे. तिथे दाद मिळवण्याचा प्रश्नच येत नाही, कारण चौकावाचून लग्न अडते. लग्नघर त्याची वाट पाहत असते. म्हणून हात चुकारपणा करत नाहीत. मात्र आकृती परंपरेने ठरलेली आणि लिहिण्याचा मान सवासिनींपुरता. मनातले नवे काही मांडायला तिथे जागा थोडी. ती जागा १९७०च्या दशकात कागदावर मिळाली. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी विधीबाहेरचे जगणे चितारले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कला मोकळी झाली, चित्राखाली नाव आले, पुरुषही चित्रे काढू लागले. पण कागदावरच्या चित्राची वाट पाहणारे लग्नघर उरले नाही, गिऱ्हाईक आले.

म्हणून घरातला गट कितीजणांचा किंवा किती दिवस टिकला, ही त्याची कसोटी नव्हे. तीन प्रश्न विचारावेत. इथे तयार होणाऱ्या कामाची कोणी खरोखर वाट पाहत आहे काय? आपल्या चालीत न बसणारा एक तरी कान बैठकीत आहे काय? आणि चहा कोण करते? हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक नाही. साहित्याच्या इतिहासात घरगुती बैठकांची नोंद होते. त्या बैठकांसाठी घर मोकळे करून देणारीची क्वचितच होते. ती बैठकीत बसून स्वतःचे लेखन वाचते की दारातून ऐकते, यावर त्या गटाची निर्मितिशीलता ठरते.

शहापूर-मुरबाडमध्ये या प्रश्नांना ठोस रूप आहे. गटात शिक्षक असतील, आसनगावहून रोज लोकलने मुंबई गाठणारे असतील, कॉलेजातली मुले असतील. शेजारच्या पाड्यावर चौक लिहिणारी बाईही असेल. तिला एखाद्या रविवारी प्रात्यक्षिक दाखवायला बोलावणे सोपे आहे. तिला दर रविवारी लिहिणारी म्हणून बोलावणे, तिच्यासमोर आपली कविता वाचणे आणि ‘हे कळलं नाही’ असे ती म्हणाली तर ओळ पुन्हा हातात घेणे अवघड आहे. गट खरा की नुसता जमाव, हे तिथे कळते.