टिफाला सगळं माहीत होतं

गेली वीसेक वर्षं मी लोकांना सांगत आलोय की ‘फायनल फँटसी सेव्हन’ मी शेवटपर्यंत खेळलोय. गेल्या वर्षी तो फोनवर पुन्हा खेळायला घेतला आणि दुसऱ्या डिस्कच्या मध्यावर लक्षात आलं की यापुढचं आपण काहीच पाहिलेलं नाही.

त्याचं कारणही मग हळूहळू आठवलं. मीरा रोड स्टेशनजवळच्या गल्लीत एक गेम पार्लर होतं. तासाला पंधरा रुपये. बाकीची पोरं ‘टेकन थ्री’साठी रांग लावायची, कारण त्यात दोन मिनिटांत एकाचा निकाल लागतो. मी मात्र चाळीस तास चालणारी गोष्ट तासातासाने विकत घेत होतो. प्लेस्टेशनच्या मेमरी कार्डात पंधरा खण असतात. त्यातला एक माझा होता. एके दिवशी कुणीतरी त्याच खणात स्वतःची कुस्ती सेव्ह केली आणि माझा गेम पुसला गेला. पुढची गोष्ट मी सायबर कॅफेत प्रिंटआउट काढून वाचली. वर्षं गेली तशी वाचलेलं आणि खेळलेलं एक झालं. खोटं बोलतोय असं मला कधी वाटलंच नाही.

गंमत म्हणजे हा गेम नेमका याच आजाराबद्दल आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘स्क्वेअर’ या जपानी कंपनीचा हा गेम जानेवारी १९९७मध्ये आला, तीन सीडींवर. आता तो फोनवरही अधिकृतपणे मिळतो. मिडगार नावाचं एक शहर आहे. खांबांवर उभारलेल्या प्रचंड पत्र्यांवर श्रीमंत राहतात, पत्र्यांखाली गरीब, आणि खालच्यांना ऊन दिसत नाही. शहराचे भाग सेक्टरच्या नंबरांनी ओळखले जातात. शिनरा ही वीज कंपनी पृथ्वीचा जीवनरस उपसून वीज बनवते आणि सरकारही तीच चालवते. पहिल्याच दृश्यात धावत आलेल्या ट्रेनमधून नायक क्लाउड उतरतो. शांतीनगरच्या सेक्टरांमध्ये वाढलेल्या, लोकलच्या दारात लटकून कॉलेजला गेलेल्या आणि आता भाईंदरच्या रस्त्यावर मेट्रोच्या खांबांखालून चालणाऱ्या माणसाला हे शहर समजावून सांगावं लागत नाही.

पुढे सगळी गोष्ट फोडणार आहे. गेम १९९७चा आहे, तेव्हा रागावू नका.

या गेमचं नाव काढलं की लोक एकच गोष्ट सांगतात, ती म्हणजे पहिल्या डिस्कच्या शेवटी होणारा एरिथचा मृत्यू. मलाही तेवढंच आठवत होतं. मागे उभं असलेलं पोरगं ‘चल ना, टाइम झाला’ म्हणून खांदा हलवत होतं आणि माझे डोळे भरले होते. पण दुसऱ्यांदा खेळताना, शेवट माहीत असताना, माझं लक्ष एरिथवरून सारखं टिफाकडे जात राहिलं.

टिफा क्लाउडच्या गावची, निबेलहाइमची. चौदाव्या वर्षी क्लाउड तिला गावातल्या पाण्याच्या टाकीवर भेटतो आणि सांगतो की मी शहरात जाऊन ‘सोल्जर’ होणार. सोल्जर म्हणजे शिनराचे निवडक योद्धे. पुढे मिडगार सोडल्यावर काल्म गावातल्या खोलीत क्लाउड सगळ्यांना आपली कहाणी सांगतो. पाच वर्षांपूर्वी सोल्जर म्हणून तो महान योद्धा सेफिरॉथसोबत गावी आला होता, तिथे सेफिरॉथचं डोकं फिरलं आणि त्याने गाव जाळलं. हा भाग आपण प्रत्यक्ष खेळतो. पहिल्या वेळी मी तो निमूटपणे मान्य केला होता.

या वेळी आकडे दिसले. त्या आठवणीत सेफिरॉथ पन्नासाव्या लेव्हलला आहे आणि क्लाउड पहिल्या. ड्रॅगन समोर येतो, क्लाउड एका फटक्यात आडवा होतो आणि सेफिरॉथ त्याला पुन्हा उभा करतो. अव्वल दर्जाचा योद्धा म्हणवणारा माणूस पहिल्या लेव्हलला कसा? बोलणारा काहीही सांगत असला तरी स्क्रीनच्या तळाशी खरं काय ते लिहिलेलं आहे. बारा वर्षांच्या मला वाटलं होतं की सेफिरॉथ किती भारी हे दाखवायचं असेल.

खरी गोष्ट अशी की क्लाउडची निवड झालीच नव्हती. तो साधा शिपाई होता. सोल्जर म्हणून गावात आला होता तो झॅक नावाचा दुसराच तरुण. क्लाउडही त्या तुकडीत होता, पण लाजेपायी त्याने टिफासमोर हेल्मेट काढलं नाही. हे वाचून आपल्याकडच्या कुणाला चाकरमानी आठवणार नाही? गणपतीला गावी जायचं, हातात मिठाईचा बॉक्स, अंगात नवा शर्ट, आणि मुंबईत नेमकं काय करतोस या प्रश्नाला ‘कंपनीत आहे’ एवढंच उत्तर. क्लाउडचं हेल्मेट म्हणजे तोच नवा शर्ट.

आणि काल्मच्या त्या खोलीत टिफा बसलेली आहे. त्या दिवशी गावात कोण आलं होतं हे तिने डोळ्यांनी पाहिलंय. समोरचा माणूस दुसऱ्याचं आयुष्य स्वतःचं म्हणून सांगतोय आणि ती गप्प आहे. पहिल्या वेळी मी तिचे संवाद भराभर टॅप करून पुढे गेलो होतो. आता प्रत्येक ठिकाणी थांबलो. ती अर्धा प्रश्न विचारते आणि सोडून देते.

हे गप्प बसणं गेमने फुकट सोडलेलं नाही, म्हणून मला तो मोठा वाटतो. पुढे उत्तरेच्या विवरात सेफिरॉथ एक फोटो दाखवतो. त्यात क्लाउडच्या जागी झॅक आहे. क्लाउड कोसळतो आणि जगाचा नाश करू शकणारी वस्तू स्वतःच्या हाताने शत्रूला देऊन टाकतो. टिफा आधी बोलली असती तर हे टळलं असतं का? गेम उत्तर देत नाही. पण यानंतर तो क्लाउडला आपल्या हातातून काढून घेतो, आणि जेव्हा त्याच्या मनाच्या आत उतरायची वेळ येते तेव्हा आपण टिफा होऊन चालतो. जी गप्प राहिली तिच्यावरच शोधाचं काम येतं.

आत सापडतं ते त्या बढाईपेक्षा मोठं आहे. सेफिरॉथला शेवटी खाली फेकणारा झॅक नव्हता. तो होता हेल्मेटमधला बिननावाचा शिपाई. दुसऱ्याची गोष्ट पांघरण्याच्या नादात क्लाउड स्वतःची चांगली गोष्ट विसरला होता.

गेम निर्दोष नाही. इंग्रजी भाषांतर इतकं घाईचं आहे की काही वाक्यांचं व्याकरणच कोसळतं. बॅरेट या काळ्या नायकाच्या तोंडी घातलेली भाषा आज वाचताना अवघडायला होतं. पहिल्याच मोहिमेत आपण वीजकेंद्र उडवतो. त्यात मेलेल्या सामान्य माणसांचा हिशेब बॅरेटकडे मागितला जातो, पण फार उशिरा आणि थोडक्यात. दर चार पावलांवरच्या लढायांचा कंटाळा येतो. फोनवर त्या बंद करायची सोय आहे आणि मी ती लाज न बाळगता वापरली.

आता मी हे केव्हा खेळत होतो ते सांगायला हवं. गेल्या वर्षी माझं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि पुढे वाढवलं गेलं नाही. घरी मी ‘वर्क फ्रॉम होम’ सांगितलं. सात आठवडे रोज दहा वाजता जुना लॅपटॉप उघडून बसायचो आणि त्याच्या आडोशाला फोनवर मिडगारमध्ये फिरायचो. अकराला आई चहा आणून ठेवायची. दार हळू लावून जायची, मीटिंगमध्ये आवाज नको म्हणून.

ज्या दिवशी टिफा क्लाउडच्या मनातून बाहेर आली, त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात जाऊन सांगून टाकलं. आई मेथी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

“माहितीये,” ती म्हणाली. “महिनाभर एकाही मीटिंगनंतर तू वैतागला नाहीस. तेव्हाच कळलं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू सांगशील म्हटलं.”

पुढे ती एवढंच म्हणाली की सोसायटीचा मेंटेनन्स तिने दोन्ही महिने भरलाय, त्याची काळजी करू नको.

मला अजून ठरवता येत नाही की तिने लवकर विचारायला हवं होतं की नाही. विचारलं असतं तर मी आणखी एक खोटं रचलं असतं, हे नक्की. पण त्या सात आठवड्यांत तीही एकटीच होती, रोज अकराला चहाचा कप हातात घेऊन दाराबाहेर क्षणभर थांबणारी. काल्मच्या खोलीतल्या टिफाकडे पाहताना मला आता ते दार आठवतं.

गेम नंतर पूर्ण केला. तिसरी डिस्क, शेवटची लढाई, सगळं. आता कुणी विचारलं तर सांगतो की लहानपणी अर्धाच खेळलो होतो, बाकीचा गेल्या वर्षी खेळलो. नोकरी नव्हती तेव्हा.