शंकरपाळ्यात शंकर नाही

आमच्या वेंगुर्ल्याकडे दिवाळीच्या पहाटे तुळशीपाशी कारीट फोडून, न्हाऊन-माखून मंडळी पोहे खायला बसली, की गप्पांना ऊत येतो. अशाच एका बैठकीत एक वडीलधारे गृहस्थ शंकरपाळे उचलून पोरांना सांगत होते, "हा शंकराला आवडतो, म्हणून शंकरपाळा!" पोरांनी माना डोलावल्या. व्युत्पत्ती पटली, आणि ती साफ चुकीची होती.

मूळ शब्द फारसी, 'शकरपारा'. शकर म्हणजे साखर, पारा म्हणजे तुकडा. अनोळखी शब्दात आम्हाला ओळखीचे नाव ऐकू आले, एवढीच शंकराची त्याच्याशी ओळख. पण खरी मौज पुढेच आहे. ही फारसी 'शकर' म्हणजे आपलीच 'शर्करा'. ती इराणात गेली, तिथला पोशाख चढवून परत आली आणि घरच्यांनीच तिला ओळखले नाही. भोळ्या व्युत्पत्तीने आपल्याला शंकर मिळाला खरा, पण शर्करेची एवढी मोठी यात्रा हातची गेली.

कोणी म्हणेल, सणासुदीची थट्टा ती, तिला एवढे काय धरून बसायचे? पण प्रत्येक थट्टा निरुपद्रवी नसते. 'पायाने तुडवून मळतात, म्हणून तो पाव', हे आपण लहानपणी सर्वांनी ऐकले आहे. वास्तविक हा पोर्तुगीजांचा 'पाँव', म्हणजे रोटी. पोर्तुगीज व्यापारी जपानात पोचले, तिथेही हा शब्द राहिला; जपानी माणूस पावाला आजही 'पान' म्हणतो. त्याच्या भाषेत पायाला कोणी पाव म्हणत नाही. तेव्हा तुडविण्याची ती गोष्ट शब्दाने सांगितलेली नाही, आपल्या मनातल्या किळशीने सांगितली आहे. पहाटे भट्टीशी घाम गाळणाऱ्या पोदेराला तिने विनाकारण कमीपणा आणला.

शब्दांच्या शोधाचे आपल्याकडे दोन मार्ग दिसतात. इतिहासाचार्य राजवाड्यांचा 'नामादिशब्दव्युत्पत्तिकोश' त्यांच्या निधनानंतर 1942 साली प्रसिद्ध झाला. साध्यासुध्या मराठी शब्दाचा हात धरून त्याला थेट संस्कृताच्या दाराशी नेऊन उभे करण्याची त्यांची ताकद पाहून बुद्धी दिपते. पण दिपलेल्या डोळ्यांना वाटेतले टप्पे दिसत नाहीत. दुसरा मार्ग आमच्या शेजारच्या गोव्यातील आसगावच्या दालगादोंचा. त्यांनी 1913 साली पोर्तुगीज शब्द आशियातील कोणकोणत्या भाषांत जाऊन राहिले, ते शेजारीशेजारी मांडले. कृ. पां. कुलकर्ण्यांच्या 1946 सालच्या 'मराठी व्युत्पत्तिकोशा'तही शब्दाची भावंडे शोधण्याची ही शिस्त आहे. प्रतिभा पहिल्या मार्गावर अधिक असेल. भरवसा मात्र दुसऱ्यावर ठेवावा. आवाज जुळतो एवढ्याने नाते ठरत नाही. वस्तू कोणी आणली, कोणत्या वाटेने आणली आणि वाटेतल्या भाषांनी तिला काय म्हटले, हे विचारावे लागते.

ही कसोटी लावायला वेंगुर्ल्याइतकी चांगली जागा नाही. इथला काजू घ्या. झाड मूळचे ब्राझीलचे. तिथल्या तुपी लोकांचा 'अकाजू', पोर्तुगीजांचा 'काजू', तोच आपला काजू. वस्तूची वाट आणि शब्दाची वाट इथे तंतोतंत जुळते. पण त्याच झाडाच्या रसाळ फळाला आपण परके नाव दिले नाही. कापसाच्या बोंडाची आठवण ठेवून त्याला 'बोंडू' म्हटले. एका देठाला दोन शब्द लागले आहेत. एक समुद्रावरून आलेला, एक परसातला. आपला हापूसही असाच, 'आफोन्सो' ह्या पोर्तुगीज नावाचा. आणि म्हणून तो कोणाला कमी गोड लागल्याचे ऐकिवात नाही.

आता गावाच्या नावाकडे वळू. देवीचा पाषाण वाढू लागला, भक्ताने त्याला मिठी मारली आणि तो 'वेंगेत उरला', म्हणून वेंगुर्ले, अशी कथा आमच्याकडे सांगतात. आवाज कसा चपखल बसतो! पण तो शंकरपाळ्यातही बसला होता. 17व्या शतकात इथे वखार घालणाऱ्या डचांच्या कागदांत गावाचे नाव 'विंगुर्ला' असे येते. म्हणजे तेव्हाही नाव जवळजवळ आजच्यासारखेच होते, एवढा पुरावा हातात येतो. मिठीचा येत नाही. ती कथा देवळात अवश्य सांगावी. गावाला आपली देवी किती जवळची वाटते, हे तिच्याइतके दुसरे काही सांगणार नाही. फक्त तिला कोशात बसवू नये.

शब्द परका ठरला की आपल्याला उगीचच उणे वाटते, आणि मग आपण त्याला घाईघाईने देवाचे नाही तर संस्कृताचे गोत्र चिकटवतो. पण बटाटा, चावी, पगार, घमेले ह्यांच्यावाचून आपला एक दिवस तरी जातो का? त्यांना घरात घेतले ते पंडितांनी नव्हे; तांडेलांनी, गवंड्यांनी, बाजारहाट करणाऱ्या बायाबापड्यांनी. खोटे गोत्र दिले, की त्या सर्वांची नावे पुसली जातात.

तेव्हा यंदा ताटातला शंकरपाळा उचलून पोराने "आजोबा, ह्याला असे का म्हणतात?" म्हणून विचारले, तर शंकराला कैलासावर सुखाने बसू द्यावे आणि साखरेची गोष्ट सांगावी. ती अधिक लांबची आहे. आणि खरी असूनही गोड आहे.