'मृत्युंजय' वाचून मी रडलो होतो

कॉलेजात असताना एका प्राध्यापकांनी बोलावून घेतलं आणि शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' हातात ठेवली. म्हणाले, "वाच. यात तुझंच दुःख आहे." ते मनापासून बोलत होते, म्हणून मलाही खरं वाटलं. होस्टेलच्या कॉटवर तीन रात्री जागून वाचली. आखाड्यात कर्णाला कूळ विचारतात तिथं रडलो. दोस्तांनो, हे आधी कबूल करतो. पुढं लिहितोय ते कोरड्या डोळ्याच्या माणसाचं वाटायला नको.

१९६७ साली ही कादंबरी आली. आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, मूर्तिदेवी पुरस्कार मिळाला. भाषेच्या डामडौलाबद्दल मला फारसं म्हणायचं नाही. उपमांचा पाऊस ज्याला आवडतो त्याला आवडो.

सुट्टीत गावी बापाला सगळी गोष्ट सांगितली. म्हातारा विडी विझवत म्हणाला, "म्हंजे तो खालचा नव्हताच की. राणीचं पोर. मग तू कशापायी रडला?"

मला उत्तर आलं नाही. पुस्तक परत उघडलं. कर्ण पहिल्यापासून वेगळा आहे. अंगाला कवच, कानात कुंडलं. शोणाच्या कानात ती नाहीत, कारण शोण अधिरथ-राधेच्या पोटचा. म्हणजे वाचकानं हळहळायचं ते सूर्याचा पुत्र सारथ्याच्या घरात पडला म्हणून. सोनं उकिरड्यावर पडलं म्हणून रडायचं, तर उकिरड्याशेजारीच जन्मलेल्यांनी काय करायचं? कर्ण खरोखर राधेचा असता, तर आखाड्यातला तो प्रश्न बरोबर ठरला असता काय? हा प्रश्न कादंबरी अंगाला लावून घेत नाही. आणि सूत तरी कोण? मनूच्या हिशेबात क्षत्रिय बाप आणि ब्राह्मण आई यांची संतती. गावकुसाबाहेरचा तो नव्हेच. तरी सभा-संमेलनांत आमच्या पोरांना 'आजचे कर्ण' म्हणून हार घालतात, आणि आम्ही घालून घेतो!

कर्ण परशुरामाकडं जात लपवून शिकला. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या १९६३ च्या संग्रहातल्या कथेतला तरुणही परगावी रेल्वेच्या नोकरीला जाऊन जात लपवतो, आणि उघडी पडल्यावर मार खातो. त्याला कुणी कुंती गाठून सांगत नाही, की बाळा, तू मुळात वरचाच. मार खाऊन तो आहे तोच राहतो. ही कथा 'मृत्युंजय'च्या चार वर्षं आधीची. त्या प्राध्यापकांनी तिचं नाव कधी काढलं नाही.

सावंतांनी सहा जणांना बोलतं केलं: कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण. त्यातले शोण आणि वृषाली सूतांच्या घरातले, हे लेखकाच्या बाजूनं नोंदवलं पाहिजे. पण त्यांचाही जीव कर्णाभोवतीच घुटमळतो. महाभारताच्या आदिपर्वात एक निषादी बाई आहे. पाच पोरांना घेऊन ती लाक्षागृहात जेवायला आली, पिऊन तिथंच झोपली आणि पोरांसकट जळाली. त्या सहा प्रेतांमुळं कुंती आणि पाच पांडव मेले असं जगाला वाटलं, आणि ते सहाही जण सुटले. बाईला व्यासानं नाव दिलं नाही. सावंतांच्या सहा आवाजांतही तिचा आवाज नाही.

परवा वस्तीतल्या अभ्यासवर्गात हे सांगितलं, तर एका पोरीनं विचारलं, "सातवी म्हणून ही बाई बोलली असती, तर कुंतीला काय म्हणाली असती?" ती आता वही घेऊन बसली आहे. लिहून झालं की इथंच छापू.