छान झालं हो!

विरहिणी म्हटली की आमच्या डोळ्यांपुढे पदराने डोळे टिपणारी बाई येते. ऑलिव्हिया रॉड्रिगो ही अमेरिकन मुलगी त्यातली नव्हे. मे २०२१ मध्ये तिचं ‘गुड ४ यू’ आलं, तेव्हा ती अवघी १८ वर्षांची. मुलगा सोडून गेलाय, वर मजेत आहे; तर ही त्याचं चक्क अभिनंदन करते! आपल्याकडे ‘छान झालं हो!’ ज्या सुरात म्हणतात ना, अगदी त्याच सुरात.

गाण्याची बांधणीही टोमण्याचीच. आधी बेस गिटारवर दबकं पुटपुटणं, मग एकदम ड्रम, गिटार आणि आरडाओरडा. तापल्या तेलात मोहरी पडावी तसा! चाल ‘पॅरामोर’च्या एका जुन्या गाण्याची आठवण देते, पुढे त्या गाण्याच्या दोघा कर्त्यांची नावंही श्रेयात आली. म्हणजे दुःख एकटीचं, श्रेय चौघांचं!

पण हसता हसता लक्षात येतं, हिचा राग तो गेला म्हणून नाही. इतक्या लवकर सावरला म्हणून आहे. आपण एवढ्या सहज विसरण्याजोग्या होतो का? हा प्रश्न साठीतही पडतो. तेवढ्यासाठी तीन मिनिटं कानठळ्या सोसायला आमची हरकत नाही.